दोन भाऊ आणि एक पंगत

दिवाळीत फराळाचे ताट शेजारी पाठवायचे, वर क्रोशाच्या विणीचा रुमाल टाकायचा, आणि ताट परत येईल तेव्हा ते रिकामे येणार नाही हे गृहीत धरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. शेजारी ख्रिस्ती असेल तर तेच ताट नाताळात केक आणि करंज्या घेऊन परत येते. (नाताळच्या करंज्यांची चव दिवाळीच्या करंज्यांहून वेगळी असते असे म्हणणारे लोक आहेत, मला तरी तो फरक कधी कळलेला नाही.) पण रुमाल उचलताना ख्रिस्ती घरातल्या एखाद्या वृद्ध बाईने दबक्या आवाजात "देवापुढं ठेवलं होतं का गं हे?" असे विचारावे, आणि सुनेने "नाही आत्याबाई, त्यांनी आधीच बाजूला काढलं होतं" असे सांगावे, हा प्रसंगही मराठवाड्यातल्या घरांना नवा नाही. शेजारीण समजूतदार असते. नैवेद्य दाखवण्याआधी ती एक डबा वेगळा भरून ठेवते आणि त्याबद्दल दोन्ही घरांत कोणी अवाक्षर काढत नाही.

त्या वृद्ध बाईचा प्रश्न एकोणीसशे वर्षांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात करिंथ नावाच्या ग्रीक शहरात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी तो पौलाला विचारला होता. तिथल्या देवळांत बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात विकायला येई. ते घ्यावे की न घ्यावे? पौलाने पत्रातून दिलेले उत्तर मोठे खुबीदार आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा तिच्यापुढे ठेवल्याने अन्नाला काही होत नाही, हे त्याने मान्य केले. मात्र माझे खाणे पाहून माझा एखादा दुबळा भाऊ अडखळून पडणार असेल तर मी ते खाणार नाही, असेही त्याने बजावले. म्हणजे प्रश्न अन्नाचा नाही, पंगतीला बसलेल्या माणसाचा आहे.

स्कॉटलंडातल्या एखाद्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला हे प्रकरण शिकवताना जुन्या ग्रीक चालीरीतींची टीप द्यावी लागत असेल. आमच्याकडे टीप लागत नव्हती. दसऱ्याला गावाच्या वतीने देवीपुढे रेडा मारण्याची चाल मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत होती, आणि त्या मांसाचा वाटा गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे जाई. त्या वस्तीतले एक घर ख्रिस्ती झाले की पुढच्या दसऱ्याला करिंथचा प्रश्न जसाच्या तसा दारात उभा राही. तो सोडवायचा कोणी? तर पाळकाने.

पाळक हा शब्द मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत रुळलेला आहे. मेंढरे राखणारा तो पाळक, असा त्याचा मुळातला भाव; आणि धर्मस्थानाला ही मंडळी 'देऊळ'च म्हणत आली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पाळकाने रविवारी उपदेश करायचा, बाप्तिस्मा द्यायचा, लग्ने लावायची, मृतांना मूठमाती द्यायची, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे खरे काम सोमवारी सुरू होते. लोक एकेक करून येतात आणि 'हे केले तर चालेल का?' असे विचारतात. मराठवाड्यातल्या अशाच एका पाळकाची हकीकत इथे सांगायची आहे. ती एका घरातल्या दोन भावांपासून सुरू होते, आणि दोन्ही भावांच्या आयुष्यात प्रश्न पंगतीचाच होता.

पंगतीचा प्रश्न या मातीला मिशनऱ्यांनी आणून दिला असे मात्र कोणी समजू नये. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. नामदेवांचे म्हणून मानले जाणारे नरसी १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होते. देवाने दळू लागावे, देवाने जेवायला बसावे, अशी सलगी ज्या संतांनी सांगितली त्यांच्याच मांदियाळीतल्या चोखोबाची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. वर गोदावरीच्या काठी पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी श्राद्धाचे अन्न महारांना वाढले आणि ब्रह्मवृंदाचा कोप ओढवून घेतला, ही कथा तर लहान मुलांनाही ठाऊक असते. काला सगळ्यांनी एकत्र खायचा आणि घरी आल्यावर ज्याने त्याने आपापल्या चुलीपाशी जायचे, अशी आमची रीत. हे खोचून म्हणत नाही. पुढे ज्या मंडळींबद्दल लिहायचे आहे त्यांनीही बरीच वर्षे दुसरे काही केले नाही.

आता १८४३ सालच्या मुंबईत येऊ.

मुंबईत त्या वेळी डॉ. जॉन विल्सन यांची इंग्रजी शाळा नावारूपाला आली होती; हिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज झाले. विल्सनांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट. या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने सप्टेंबर १८४३ मध्ये नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. चार वर्षांपूर्वी दोन पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाले तेव्हा पारशी समाज हादरला होता. आता ब्राह्मणांची पाळी आली. परंतु नारायण सज्ञान होता. घरच्यांनी त्याचे नाव टाकले, आणि कायद्याला त्यात हात घालण्याजोगे काही नव्हते.

खरा वणवा पेटला तो धाकट्या भावामुळे. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता. तो थोरल्या भावामागून मिशनरी साहेबाच्या घरी राहायला गेला आणि तिथे जेवला. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता, नुसते अन्न घेतले होते. वडिलांनी सुप्रीम कोर्टात नेस्बिट यांच्याविरुद्ध अर्ज केला. न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांच्यापुढे प्रकरण चालले. अजाण मुलावर हक्क बापाचा, असा निकाल होऊन श्रीपत वडिलांच्या हवाली झाला.

कोर्टाने मुलगा परत दिला. जातीने द्यायचा की नाही हे ठरायचे होते. म्लेंच्छाच्या घरचे अन्न पोटात गेलेला ब्राह्मणाचा मुलगा पुन्हा पंगतीत घेता येतो का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले आणि प्रायश्चित्त देऊन मुलाला घ्यावे अशी बाजू त्यांनी उचलून धरली. मुंबईच्या ब्राह्मणवर्गात दोन तट पडले. एका बाजूला शास्त्राधार काढून प्रायश्चित्त सांगणारे, दुसऱ्या बाजूला असे प्रायश्चित्तच नाही म्हणणारे. बाळशास्त्र्यांना आपल्याच लोकांचा रोष सोसावा लागला. १८४६ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. मराठी वृत्तपत्राचा आरंभ करणारे म्हणून आपण दरवर्षी त्यांचे स्मरण करतो. एका बारा वर्षांच्या पोराला जेवणाच्या पानावर परत बसवण्यासाठी त्यांनी केवढे धारिष्ट केले ते मात्र फारसे आठवत नाही.

मौज पाहा, ज्या अन्नाला हा समाज एवढा भ्याला ते वाढणारे साहेब त्याच वर्षी स्वतः घरातून बाहेर पडलेले होते. मे १८४३ मध्ये एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. वादाचे मूळ असे की, गावच्या मंडळीचा पाळक कोणी निवडायचा, तिथल्या जमीनदाराने की मंडळीने? मंडळीचाच हक्क, असे म्हणणाऱ्यांनी राहती घरे, पगार, देवळे सोडली. हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनीही त्यांची बाजू घेतली. विल्सन आणि नेस्बिट त्यांत होते. ही गोष्ट मनात ठेवावी. जमीनदार आणि पाळक यांचा संबंध पुढे जालन्याजवळच्या माळावर पुन्हा येणार आहे, आणि जरा अडचणीच्या रूपात येणार आहे.

नारायण शेषाद्री फ्री चर्चच्या शाळेत शिकवू लागले. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास नगरला अमेरिकन मिशनने हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना दीक्षा दिली होती. मराठी मंडळीचा पाळक मराठी असावा, हा विचार तेव्हा कुठे साहेबांना पटू लागला होता. नारायणराव काही काळ इंदापूरकडे होते, आणि १८६० नंतरच्या वर्षांत निजामाच्या मुलखात जालन्याला आले.

आज परभणीहून जालन्याला जायचे तर मानवत रोड, सेलू, परतूर करीत आगगाडी थोड्या तासांत पोचवते. नारायणरावांच्या वेळी ही गाडी नव्हती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा हा मार्ग १९०० च्या आगेमागे झाला. तेव्हा बैलगाडी आणि घोडा. काळी जमीन, पावसाळ्यात चिखलाने चाक अडे आणि उन्हाळ्यात भेगांत पाय जाई. जालन्याला फौजेची छावणी होती. जिल्ह्यांच्या सीमा पुढे पुष्कळ बदलल्या. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परभणीचा परतूर तालुका त्यात गेला. त्यामुळे या भागातल्या माणसाला जालन्याची गोष्ट परक्या जिल्ह्याची वाटत नाही.

मुंबईत शिकलेल्या या ब्राह्मण पाळकाने विद्वानांशी वाद करावेत, शहरी सुशिक्षितांना वळवावे, अशी मिशनची अपेक्षा असणार. झाले उलटे. जालन्याच्या परिसरात त्यांच्याभोवती जी मंडळी जमली ती मुख्यतः मातंगांची. त्या काळच्या कागदांत मांगांची. मातंगांची स्थिती काय होती हे पुण्याच्या मुक्ताबाई नावाच्या मातंग मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापलेल्या निबंधात लिहून ठेवले आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. धर्मग्रंथ ज्यांनी वाचायचे नाहीत त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. तो सवाल घेऊनच माणसे जालन्याच्या देवळात येत होती. म्हणजे एकाच बापाच्या दोन मुलांपैकी एकाला साहेबाच्या घरचा घास खाल्ल्याबद्दल प्रायश्चित्त, आणि दुसरा मातंगांच्या बरोबर एका भाकरीचा तुकडा मोडून प्रभुभोजन घेणारा. एका पिढीत, एका घरात पंगत इतकी लांबली.

त्या मंडळीपुढचे प्रश्न कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सामान्यतः धर्मांतर म्हटले की आपल्याला मोठमोठे तात्त्विक वाद आठवतात. खेड्यातल्या मंडळीचे प्रश्न हलगीचे, दोरीचे आणि भाकरीचे होते.

मातंग हा गावचा बलुतेदार. पोळ्याला बैलांच्या वेसणी, कासरे, म्होरक्या वळून द्यायच्या, केरसुण्या करायच्या, लग्नकार्यात आणि देवीपुढे वाजवायचे, आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपले बलुते आणायचे. आता हा मनुष्य ख्रिस्ती झाला. कासरा वळण्यात पाप नाही, हे सरळ आहे. पण पोळ्याला बैलाची पूजा होते. त्या पूजेच्या बैलाचा कासरा? लग्नात वाजवणे ठीक. मरीआईपुढे हलगी वाजवायची का? नाही म्हणावे तर पाटील विचारणार, "मग बलुतं कशाचं मागतोस?" आणि पाटलाचे म्हणणे त्याच्या परीने खोटे नव्हते. गावाची सेवा एकसंध होती. तिच्यातला देवाचा भाग आणि पोटाचा भाग वेगळा करून कोणी ठेवलेला नव्हता. एका रविवारी पाळकाने व्यासपीठावरून 'हलगी वाजवू नका' म्हटले की सहा महिन्यांच्या जोंधळ्यावर पाणी सोडावे लागे. उपदेश करणाऱ्याचा पगार मिशनकडून येत होता. ऐकणाऱ्याचे धान्य खळ्यावरून येत होते. चांगल्या पाळकाला ही टोचणी असल्यावाचून राहत नसेल.

ग्रहणाचेही तसेच. ग्रहण सुटताना मातंगांनी दारोदार दान मागायचे आणि लोकांनी जुने कपडे, धान्य घालायचे, ही चाल सगळ्या महाराष्ट्रात होती. राहू-केतूवर विश्वास नाही, पण थंडीत लुगडे मिळते. मागावे का? म्हातारी माणसे मागत, तरुण लाजत. या लाजेत नव्या धर्माचा वाटा किती आणि शाळेचा किती हे वेगळे काढणे अवघड आहे.

आणि सर्वांत अवघड प्रश्न मंडळीच्या आतला. महार आणि मातंग दोघेही गावकुसाबाहेर. पण महार मातंगाच्या हातचे घेत नसे, आणि मातंगही आपल्याहून खालचे कोण ते जाणून होता. दोघेही ख्रिस्ती झाले. प्रभुभोजनात पेला एक. तो हातोहात फिरणार. देवळाच्या दारापर्यंत बरोबर आलेली माणसे त्या पेल्यापाशी थबकत, असे अनुभव पश्चिम हिंदुस्थानच्या सगळ्याच मिशनांनी घेतले. दक्षिणेत तर काही जुन्या मंडळ्यांत जातवार बसण्याच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि त्यावरून मिशनऱ्यांत आपसांत मोठी भांडणे झाली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने माणसाचे नाव बदलते. जीभ आणि नाक बदलायला दोन-तीन पिढ्या लागतात.

लग्नाच्या गोष्टी तर विचारूच नयेत. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको माहेरी निघून गेली. तिची वाट किती दिवस पाहायची? इंग्रजी मुलखात यासाठी १८६६ साली खास कायदा करण्यात आला होता. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहा महिने टाकले तर अर्ज करावा, कोर्टाने समेटासाठी वर्षभर मुदत द्यावी, मग बंधन तोडावे, अशी त्यात तरतूद होती. जालना पडले निजामाच्या राज्यात. आणि आधीच दोन बायका असलेल्या माणसाचे काय? एकीला सोड म्हणावे तर कोणतीला? जिला मूल नाही तिला? जगभरच्या चर्चमध्ये हा वाद चालू होता. १८८८ साली अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने अशा पुरुषाला बाप्तिस्मा न देता थांबवून ठेवावे, त्याच्या बायकांना मात्र परिस्थिती पाहून द्यावा, असे ठरवले. बिशपांना लंडनमध्ये बसून ठरवणे सोपे. सोडलेली बाई संध्याकाळी कुठे जाईल हे त्यांना पाहायचे नव्हते.

या सगळ्यातून वाट काढायची म्हणून नारायणरावांनी एक मोठा बेत केला. गावात राहून गावाची सेवा नाकारता येत नाही, तर आपले वेगळे गावच वसवू. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ शेतजमीन मिळवली आणि तिथे ख्रिस्ती वस्ती उभी केली. नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. जुन्या करारात घरातून परागंदा झालेला याकोब उशाला दगड घेऊन झोपतो, स्वप्नात त्याला स्वर्गाला लागलेली शिडी दिसते, आणि तो त्या जागेला हे नाव देतो. घर सुटलेल्या माणसाने निवडलेले नाव आहे हे.

बेथेलमध्ये घरे झाली, शाळा झाली, देऊळ झाले. इथे पाटील नव्हता, खळ्यावर हात पसरणे नव्हते. जो मातंग पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बैलाचे कासरे वळत आला त्याला स्वतःच्या बैलाचा कासरा वळायला मिळाला. ही गोष्ट लहान नाही. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या माणसाने आपली सारी उमर यासाठी घालवावी, हेही एकोणिसाव्या शतकात लहान नव्हते.

तरीही माझ्या मनात बेथेलविषयी एक किंतु राहतो. स्कॉटलंडात मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमू नये म्हणून घरेदारे सोडणाऱ्या चर्चचा हा पाळक; आणि बेथेलात तोच पाळक, तोच एक प्रकारे जमीनमालक, तोच शाळेचा चालक, तोच तंटे तोडणारा. पाटील गेला, पण माणसे ज्याच्या तोंडाकडे पाहतात असा मायबाप राहिलाच. ज्याच्या हाती जमीन त्याला 'तुमचे म्हणणे चूक आहे' असे मंडळीतला कोण सांगणार? शिवाय वेगळ्या वस्तीने गावातला पंगतीचा प्रश्न सुटला नाही, तो फक्त नजरेआड झाला. गावातल्या विहिरीवर जो नियम होता तो तसाच राहिला. मात्र तटस्थपणे पाहिले तर दुसरा मार्ग तेव्हा कोणापाशी होता हेही सांगता येत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाली, त्या काळात ज्याच्यापाशी स्वतःची जमीन आणि विहीर होती तो तरला, एवढे खरे. दुष्काळात जे लोक मिशनच्या आश्रयाला आले त्यांना 'पोटासाठी बाटलेले' म्हणून हिणवण्यात आले. पोटासाठी माणूस काय काय करतो याची यादी काढली तर या गुन्ह्याचा नंबर पुष्कळ खाली लागेल.

नारायणराव परदेशी खूप हिंडले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मोठी परिषद भरली. तिथे ते पागोटे बांधून आणि आपल्या देशी पोशाखात व्यासपीठावर गेले, अस्खलित इंग्रजीत बोलले आणि लोकांच्या डोळ्यांत भरले. बाटला म्हणजे टोपी-पाटलोण घातलीच, अशी आपल्याकडची समजूत. या माणसाने पागोटे अमेरिकेत नेले. शेवटी १८९१ साली अशाच एका समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. समुद्र ओलांडल्याने ब्राह्मण्य जाते असे मानणाऱ्या काळातली ही गोष्ट.

चार वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पंगतीचा प्रश्न पुन्हा एका ब्राह्मण घरात शिरला. त्या घरात तो कसा नांदला हे आपल्याला आतून ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. श्रीपत आणि नारायण यांच्या आईने काय सोसले हे कोणी लिहून ठेवले नाही. लक्ष्मीबाईंनी ती उणीव जणू सगळ्याच घरांसाठी भरून काढली. पाच वर्षांच्या ताटातुटीच्या काळात आणि नंतर एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. नवरा ख्रिस्ती, बायकोची चूल वेगळी. आणि मग एकदा स्वतःशीच वाद घालून, कुणी उपदेश केला म्हणून नव्हे, त्यांनी जात मानायची नाही असे ठरवले. टिळकांसारखा कवी आणि वक्ता घरात असताना हा निर्णय त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घ्यावा, यात मला मोठे समाधान वाटते. टिळकही पुढे पाळक झाले. मंडळीला त्यांनी भजने दिली; कीर्तनाची वाट नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी आधीच मळून ठेवली होती. मात्र मिशनच्या पगारावर जगणाऱ्या पाळकाचा शब्द मोकळा राहत नाही, हे शल्य टिळकांना बोचत असावे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला; तो जमायच्या आत, मे १९१९ मध्ये, ते गेले. नारायणरावांनी जमीन मिळवून जी अडचण सोडवू पाहिली ती टिळकांनी पगार टाकून सोडवू पाहिली.

यानंतर गावकुसाबाहेरच्या माणसांनी मिशनची वाट पाहिली नाही. १९२७ मध्ये महाडचे तळे झाले, १९५६ मध्ये नागपूरची दीक्षा झाली. मराठवाड्यात निजामाची राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली. बलुते मागे पडले, खळ्यावरचा हात हळूहळू आखडला. मरीआईपुढच्या हलगीचा प्रश्न आता कोणी पाळकाला विचारत नाही. हलगीवाला पैसे ठरवून येतो.

पण पाळकाचा सोमवार रिकामा झालेला नाही. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा जो आदेश काढला त्यात या जाती हिंदूंपुरत्या धरल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेण्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. कायद्याचा अर्थ असा की मातंगाचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्या यादीपुरता तो मातंग उरत नाही. गावाने मात्र हा आदेश वाचलेला नसतो. गावाच्या लेखी तो मातंगच. त्यामुळे मंडळीच्या वहीत मुलाचे एक नाव असते आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. बारावी झाली की तो मुलगा फॉर्म घेऊन येतो. धर्माच्या रकान्यात काय लिहू, असे तो विचारतो. 'ख्रिस्ती' लिहिले तर सवलत जाते, शिक्षण थांबते. 'हिंदू' लिहिले तर येत्या रविवारी प्रभुभोजनाचा पेला हाती घेताना त्याचा हात कापणार. त्याची आई बाजूला उभी असते, आणि ती एक शब्द बोलत नाही.

काही पाळक खडसावतात. काही पाळक 'तुझ्या मनाला विचार' म्हणून सुटका करून घेतात. एखादा फॉर्म हातात घेऊन बराच वेळ पाहत राहतो, कारण चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या बापाने त्याचा असाच फॉर्म भरलेला असतो. मग तो करिंथकरांचे पत्र उघडतो. तिथे दुबळ्या भावाला अडखळवू नका असे आहे. या खोलीत दुबळा भाऊ कोणता, फॉर्म भरणारा मुलगा की त्याने तो भरल्याचे ऐकून रविवारी मान फिरवणारे वडीलधारे, हे पौलाने सांगितलेले नाही. ते त्यालाच ठरवायचे असते, आणि फॉर्मची शेवटची तारीख बहुधा दुसऱ्या दिवशीचीच असते.